हापूसच्या वेबसाइटवर लोक येतात, पण ऑर्डर न देता परत का जातात?

मार्च उजाडला की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांच्या वेबसाइटी झोपेतून उठतात. इन्स्टाग्रामवर जाहिरात लागते, रोज दोनेकशे लोक येऊन बघून जातात आणि ऑर्डरी येतात तीन-चार. मग जाहिरातीचं बजेट वाढवायचं ठरतं, किंवा कुणीतरी सुचवतं म्हणून हिरवं बटण केशरी होतं. दोन्ही जरा थांबवा. माणूस नेमका कुठून परत फिरतोय हे कळल्याशिवाय केलेला खर्च पाण्यात जातो.

उदाहरण आंब्याचं घेतलंय, कारण या धंद्यात सगळ्या अडचणी एकदम उभ्या राहतात: माल नाशवंत, सीझन जेमतेम तीन महिन्यांचा, भाव आठवड्याला उतरणारा आणि गिऱ्हाइकाला फसवणुकीची धास्ती. पैठणी, गोधड्या किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी मोजमाप नीट करा

कन्व्हर्जन रेट म्हणजे शंभर भेटींमागे किती ऑर्डरी पूर्ण झाल्या. ६,००० भेटी आणि ८४ ऑर्डरी, म्हणजे १.४ टक्के. हा आकडा चांगला की वाईट, यावर डोकं शिणवू नका. त्याचे टप्पे पाडा. समजा त्या ६,००० पैकी २,४०० भेटींत आंब्याचं पान उघडलं गेलं, ४८० मध्ये पेटी कार्टमध्ये पडली, २४० चेकआउटपर्यंत, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पानापर्यंत, गेल्या आणि ८४ मध्ये पैसे जमा झाले. टप्प्याटप्प्याने पाहिलं तर ४० टक्के, २० टक्के, ५० टक्के आणि ३५ टक्के. शेवटच्या टप्प्यावर नजर थांबायला हवी. आंबा पसंत पडला, भाव पटला, पत्ता भरायला बसले आणि तरी १५६ जण गेले. ३५ चे ५० टक्के झाले तर ८४ च्या जागी १२० ऑर्डरी येतात, जाहिरातीवर एक रुपया जास्त न घालता.

हे टप्पे गूगल ॲनालिटिक्स ४ या भेटी मोजणाऱ्या साधनात दिसतात, पण त्यासाठी पाच घटना नोंदवल्या जायला हव्यात: पान पाहिलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउट सुरू केलं, पैसे देण्याची पद्धत निवडली, खरेदी झाली. व्हॉट्सॲपच्या बटणावरचा आणि फोन नंबरवरचा क्लिक वेगळा मोजा. आंब्याच्या बऱ्याच ऑर्डरी तिथूनच येतात आणि त्या धरल्या नाहीत तर वेबसाइट आहे त्यापेक्षा वाईट दिसते.

मोजमाप फसतं ते ठरावीक ठिकाणी. खरेदीची घटना बहुतेक वेळा ‘धन्यवाद’ पान उघडल्यावर नोंदवली जाते. यूपीआयने पैसे देणारा माणूस फोनपे किंवा गूगल पेमध्ये जातो, हिरवी खूण बघतो आणि तिथूनच फोन खिशात टाकतो. तो ‘धन्यवाद’ पानावर परत येतच नाही, म्हणजे पैसे खात्यात आणि नोंद शून्य. उलट, ज्याने ते पान जपून ठेवलं आणि दोनदा रिफ्रेश केलं, त्याची एक ऑर्डर तीनदा मोजली जाऊ शकते. पहिल्यावर उपाय म्हणजे पेमेंट गेटवेने (साइटसाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेने) सर्व्हरला दिलेल्या खबरेवरून, म्हणजे वेबहुकवरून, खरेदी नोंदवणे. दुसऱ्यावर, प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक नोंदीबरोबर पाठवणे. दर सोमवारी गेटवेतल्या ऑर्डरी आणि ॲनालिटिक्समधल्या ऑर्डरी शेजारी मांडून पाहा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो मिटवा. आणि हो, घरच्या मंडळींच्या भेटी वगळा. सीझनमध्ये बागायतदाराचं अख्खं घर दिवसातून दहादा साइट उघडून बघत असतं.

आकडा ‘कुठे’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे फुकट साधन लावा. त्यात गिऱ्हाइकाने पडद्यावर काय काय केलं याची चित्रफीत बघता येते. मोबाइलवरच्या, चेकआउटपर्यंत पोचून खरेदी न केलेल्या तीस चित्रफिती निवडा आणि एका बैठकीत बघा. दहा-बाराव्या चित्रफितीनंतर तेच तेच दिसायला लागतं: एकाच जागी चार-पाचदा टिचकी मारणं, पिनकोडपाशी अडखळणं, डिलिव्हरीचा आकडा दिसताच मागे जाणं.

पान किती वेळात उघडतं

गूगलच्या मापात तीन आकडे आहेत. पडद्यावरचा सगळ्यांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, टिचकीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडू नये, म्हणजे त्याचा आकडा ०.१ च्या आत राहावा. निदान ७५ टक्के भेटींत हे साधलं पाहिजे. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साधनात साइटचा पत्ता टाकला की हे आकडे मिळतात. पण घरच्या वायफायवर, महागड्या फोनवर बघून समाधान मानू नका. दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि एसटी स्टँडवर उभं राहून आपली साइट उघडा.

आंब्याच्या साइटवर दोष जवळजवळ नेहमी फोटोंचा असतो. बागेतला फोटो फोनमधून थेट चढवलेला, प्रत्येकी चार-पाच एमबीचा, आणि वर पाच फोटोंचा सरकता पडदा. रुंदी १,२०० पिक्सेल करा, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवा. फोटो १०० ते १५० केबीत बसतो आणि आंब्याचा रंगही टिकतो. सरकता पडदा काढून एकच फोटो ठेवा, कारण दुसऱ्या फोटोपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. खालचे फोटो उशिरा उतरले तरी चालतील, पहिल्या फोटोला मात्र ती ‘लेझी लोडिंग’ची सोय लावू नका, नाहीतर जे सर्वांत आधी दिसायला हवं तेच रांगेत मागे जातं.

मराठी पानांचा एक वेगळा त्रास आहे, आणि तो थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, बनवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात. एकच फॉन्ट, दोनच जाड्या, एवढ्यावर भागवा. थीममध्ये ओळींची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बसवलेली असते, त्यामुळे बटणावरच्या ‘ऑर्डर द्या’ची चंद्रकोर आणि रफार वरून कापले जातात. ओळीची उंची १.५ पट केली की ते सुटतं. काही थीम मथळ्यातल्या अक्षरांमध्ये फट सोडतात. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटून अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. ती फट शून्य करा. अशा बटणाकडे बघून गिऱ्हाईक ‘फॉन्ट चुकलाय’ म्हणत नाही. साइट कुणीतरी घाईत उभी केलीय एवढं त्याच्या मनात येतं, आणि तिथे पैसे द्यायला हात धजावत नाही.

आंब्याचं पान: दुकानात विचारतात तेच लिहा

बाजारात गिऱ्हाईक आंबा हातात घेतं, देठाशी नाक नेतं, दाबून बघतं आणि मग चार प्रश्न विचारतं. वेबसाइटवर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून पानाने ते सगळं बोलून दाखवायला हवं. बहुतेक ठिकाणी असला मजकूर असतो:

‘आमच्या बागेतील अस्सल, नैसर्गिक, प्रीमियम दर्जाचा हापूस. एकदा चाखाल तर विसरणार नाही!’

यात एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘देवगड हापूस, १ डझन. एक फळ २२५ ते २५० ग्रॅम, म्हणजे डझनाचं वजन २.७ ते ३ किलो. पेंढ्यात अर्धवट पिकवून पाठवतो. हातात पडल्यावर तीन ते पाच दिवसांत खाण्याजोगा होतो. पेटी उघडून फळं हवेशीर जागी पसरून ठेवा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये नको. किंमत पुणे-मुंबईच्या घरपोच खर्चासह.’

शब्द जास्त झाले, पण फोनवर पन्नास वेळा द्यावी लागणारी उत्तरं इथेच संपली. असा मजकूर कुठून आणायचा? फोन घेणाऱ्याजवळ वही ठेवा आणि दोन आठवडे प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून काढा. ‘कच्चा येणार की तयार?’, ‘मोठा म्हणजे केवढा?’, ‘शनिवारी घरी कुणी नाही, मग?’ ज्या प्रश्नापुढे सर्वांत जास्त रेघा, त्याचं उत्तर किंमतीच्या लगेच खाली.

आकाराचे सहा पर्याय देऊ नका. लहान, मध्यम, मोठा, एवढे पुरे, आणि मध्यम आधीच निवडलेला ठेवा. तिन्ही फळं एकाच फोटोत शेजारी ठेवून, शक्यतो तळहातावर, दाखवा; ग्रॅममधला आकडा फार कमी लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. एक फोटो उघड्या पेटीचा, एक वजनकाट्यावरचा, एक कापलेल्या फळाचा. इंटरनेटवरून उचललेला तकतकीत आंबा लावलात तर प्रत्यक्षातला करपलेल्या ठिपक्यांचा आंबा बघून तक्रार येणारच.

साक्याचा प्रश्न टाळू नका. साका झालेलं फळ बाहेरून ओळखू येत नाही, कापल्यावरच आतला पांढरट, स्पंजासारखा गर दिसतो. हापूस नेहमी घेणाऱ्याला हे ठाऊक असतं आणि पैसे देण्याआधी तेच त्याच्या मनात घोळत असतं. बऱ्याच साइटवर लिहिलेलं असतं, ‘माल मिळाल्यापासून २४ तासांत तक्रार करावी.’ ज्याने हे लिहिलं त्याने आंबा पिकायला लागणारे दिवस मोजलेले नाहीत. फळ पाचव्या दिवशी कापलं जाणार आणि तक्रारीची मुदत दुसऱ्याच दिवशी संपलेली, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. मुदत आठ दिवसांची द्या: ‘फळ आतून खराब निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, त्या फळाचे पैसे परत.’ पैसे डझनाचे नाहीत, त्या फळाचे, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहतो. ही ओळ तळाच्या नियमावलीत पुरू नका. ती बटणाच्या लगेच खाली हवी.

अस्सलपणाचंही तसंच. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. तुम्ही त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर प्रमाणपत्राचा वाचता येईल असा फोटो लावा. नसेल तर नुसतं ‘जीआय’ लिहून मिरवू नका. त्याऐवजी गावाचं नाव, बागेचा नकाशा आणि तोडणीची तारीख द्या. पिकवण्याबद्दल मोघम ‘नैसर्गिक’ न म्हणता पद्धत लिहा. कॅल्शियम कार्बाइड वापरायला अन्न सुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे हे लोकांना माहीत असतं. पेंढ्यात पिकवता की इथिलीनच्या खोलीत, एवढं सरळ सांगितलं की शंका उरत नाही.

पिनकोड आधी विचारा

गिऱ्हाईक कार्ट भरतं, नाव लिहितं, पत्ता लिहितं आणि मग साइट म्हणते, ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही.’ पाच मिनिटं फुकट गेलेला माणूस पुन्हा येत नाही. पिनकोडचा चौकोन आंब्याच्या पानावरच, किंमतीशेजारी ठेवा. सहा आकडे टाकताच दोन गोष्टी दिसाव्यात: घरपोच खर्च आणि नेमका वार. ‘३ ते ५ दिवसांत’ असं लिहिलेलं नाशवंत मालाला चालत नाही. ‘मंगळवारी निघेल, बुधवारी संध्याकाळपर्यंत कोथरूडला’ असं हवं.

(पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि ती कल्पना मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. हापूस विकणाऱ्या माणसाने त्या सहा आकड्यांना थोडा मान द्यायला हरकत नाही.)

पिनवरून जिल्हा आणि राज्य आपोआप भरून घ्या, पण गाव नको. ग्रामीण भागात एका पिनखाली बरीच गावं येतात. साइटने आपणहून चुकीचं गाव भरलं की कुरियरवाला तिकडेच जातो आणि पेटी उन्हात फिरत राहते. गावांची यादी दाखवून निवडायला सांगा, शिवाय हाताने लिहिण्याची मुभा ठेवा.

चेकआउट: आठ चौकोन पुरेत

मोबाइल नंबर, नाव, पिनकोड, घर-इमारत, रस्ता-परिसर, जवळची खूण, गाव किंवा शहर आणि पैसे कसे देणार. एवढंच. ईमेल सक्तीचा नको, जन्मतारीख नको, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ नको आणि खातं उघडायची सक्ती तर मुळीच नको. नंबर सगळ्यांत वर ठेवायचं कारण असं की मधेच कुणी सोडून गेलं तरी, संमती दिली असेल तर, विचारपूस करता येते.

आता एकेका चौकोनाजवळ जाऊन बघा. मोबाइलच्या चौकोनात टिचकी मारल्यावर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो का? नसेल तर प्रोग्रॅमरला त्या चौकोनाचा प्रकार ‘टेल’ करायला सांगा. पिनकोडला ‘न्यूमरिक’ कीबोर्ड जोडा. कुणी शून्य लावून नंबर लिहितं, कुणी +९१ सकट चिकटवतं, कुणी मधे जागा सोडतं. हे सगळं साइटने निमूट साफ करून घ्यावं, लाल अक्षरांत ओरडू नये. ज्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे तो देवनागरी आकडे लिहितो आणि साइट म्हणते ‘अवैध क्रमांक’. समोर दहा आकडे दिसत असताना काय चुकलं हे त्या माणसाला कळणार कसं? देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलणारी एक ओळ प्रोग्रॅमरकडून लिहून घ्या. नावाचा चौकोनही तपासा. काही तयार फॉर्म रोमन अक्षरांशिवाय दुसरं काही घेतच नाहीत आणि मराठीत लिहिलेलं नाव चूक ठरवतात.

अमेरिकेतली मुलगी ठाण्यातल्या आईबाबांना पेटी पाठवते, ही ऑर्डर दरवर्षी येते आणि दरवर्षी अडते. तिचा नंबर +१ ने सुरू होतो, फॉर्मला मात्र भारतीय नंबर हवा असतो. ‘भेट पाठवतोय’ असा एक पर्याय द्या, म्हणजे पैसे देणाऱ्याचा आणि माल घेणाऱ्याचा नंबर वेगळा घेता येईल. गेटवेवर परदेशी कार्डं सुरू आहेत का तेही बघा. ती सोय अनेकदा वेगळी मागून घ्यावी लागते, आणि मंजुरीत दिवस जातात. फेब्रुवारीतच अर्ज करा.

चूक झाली तर संदेश त्या चौकोनाच्या खालीच यावा आणि भरलेलं बाकी काही पुसलं जाऊ नये. कूपनचा रिकामा चौकोन उघडा ठेवू नका. तो दिसला की माणूस कूपन शोधायला गूगलवर जातो आणि तिथे दुसऱ्या बागायतदाराची जाहिरात त्याची वाट बघत असते.

पैसे देताना

मोबाइलवर यूपीआय सर्वांत वर, त्यानंतर कार्ड, मग बाकीचं. संगणकावर मात्र क्यूआर दाखवा, म्हणजे फोनने स्कॅन करता येईल.

इथे एक बिघाड असा आहे की तो मालकाला कधीच दिसत नाही. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर टिचकी मारली की साइट इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. त्यातून यूपीआयचं ॲप पुष्कळदा उघडत नाही. पांढरा पडदा येतो किंवा काहीच घडत नाही. मालक स्वतः क्रोममध्ये बघतो, तिथे सगळं सुरळीत. म्हणून स्वतःच्याच जाहिरातीवर टिचकी मारून, एक डझनाची खरी ऑर्डर, खरे पैसे देऊन करा. अँड्रॉइडवर एकदा, आयफोनवर एकदा. अडलं तर गेटवेची नवी आवृत्ती लावा, आणि तरीही अडलं तर त्या पानावर क्यूआर आणि ‘पैसे भरायची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा’ असं बटण द्या.

पैसे अडकल्यावर दिसणारं पान कुणी लिहून घेत नाही. तिथे गेटवेचं इंग्रजी ‘ट्रान्झॅक्शन फेल्ड’ तसंच राहतं. त्या जागी लिहा: ‘पैसे आमच्यापर्यंत पोचले नाहीत. खात्यातून कापले गेले असतील तर ते बँकेकडून आपोआप परत येतील. तुमची पेटी कार्टमध्ये तशीच आहे, पुन्हा प्रयत्न करा किंवा या नंबरवर फोन करा.’ रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमांनुसार यूपीआयने दुकानदाराला दिलेले पण त्याच्यापर्यंत न पोचलेले पैसे पाच दिवसांत परत जायला हवेत, हेही तिथे सांगता येईल.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी का? साडीच्या धंद्यात हो, कारण परत आलेली साडी पुन्हा विकता येते. परत आलेली पेटी चार दिवस गाडीत तापून आलेली असते, तिचा फार तर आमरस होईल. मधला मार्ग म्हणजे प्रत्येक डझनाला २०० रुपये आधी, उरलेले पेटी हातात पडल्यावर. अविश्वास असलेल्या नव्या गिऱ्हाइकाला तेवढा धोका परवडतो, आणि ‘बघू तर खरं’ म्हणून ऑर्डर टाकणारे गळतात. ऑर्डरी थोड्या कमी दिसतील, पण हिशेब पोचलेल्या पेट्यांचा करा.

घाई लावू नका, नियमही बघा

‘फक्त ३ पेट्या शिल्लक!’ आणि दर वेळी पान उघडलं की नव्याने सुरू होणारं घड्याळ, हे उपाय अजून विकले जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारच्या डार्क पॅटर्नना, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या युक्त्यांना, मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये घातलेली वस्तू आणि शेवटी हळूच वाढवलेली किंमत हे सगळे त्यात आहेत. खरी मर्यादा असेल तर खुशाल सांगा, आंब्यात ती असतेच: ‘गुरुवारची तोडणी ४० डझनांची, त्यातले २६ गेले.’ हा आकडा रोज बदलतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन पडताळूही शकतं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे धंद्याचं नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि संमतीची खूण आधीच करून ठेवता येत नाही. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांकही दिसू द्या. हे नियम म्हणून करा, पण फायदा विक्रीलाही होतो: नाव-गाव-नंबर नसलेल्या साइटला दीड-दोन हजार रुपये द्यायला कोण तयार होईल?

व्हॉट्सॲपचं बटण

ते ठेवाच, पण नुसतं ‘हाय’ पाठवणारं नको. बटण दाबताच संदेश आधीच लिहिलेला यावा: ‘नमस्कार, देवगड हापूस, मध्यम, २ डझन, पिन ४११०३८. कधी मिळेल?’ पानावर निवडलेला आकार आणि पिन त्यात आपोआप भरता येतो. उत्तर देणाऱ्याला उलट चार प्रश्न विचारावे लागत नाहीत. तो थेट वार, एकूण रक्कम आणि पैसे भरायची लिंक पाठवतो. सकाळी ९ ते रात्री ९ मध्ये दहा मिनिटांत उत्तर देणं जमणार नसेल तर बटणाखाली खरी वेळ लिहा. अर्धवट सोडलेल्या कार्टबद्दल, संमती दिली असेल तरच, तासाभराने एक संदेश. दुसरा संदेश पाठवलात की नंबर ब्लॉक होतो.

बदल उपयोगी पडला का, हे कसं ओळखायचं

अर्ध्या लोकांना जुनं पान, अर्ध्यांना नवं, ही ए-बी चाचणीची पद्धत योग्य आहे, पण तिला माणसं लागतात. कन्व्हर्जन २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेलं हे भरवशाने सांगायला प्रत्येक बाजूला साधारण ३,८०० भेटी हव्यात. रोजच्या २०० भेटींत त्याला ३८ दिवस लागतात. २ वरून २.५ ची वाढ पकडायला प्रत्येक बाजूला सुमारे १३,८०० भेटी, म्हणजे १३८ दिवस. तोवर सीझन संपून पावसाळाही निम्मा सरलेला असतो. तेव्हा बटणाच्या रंगासारख्या बारीक गोष्टींची चाचणी छोट्या साइटने करूच नये. घरपोच खर्च किंमतीत धरायचा की वेगळा दाखवायचा, अशा मोठ्या फरकांसाठी ती राखून ठेवा.

चाचणी जमत नसेल आणि ‘आधी-नंतर’ तुलना करायची असेल तर आंब्यात एक सापळा आहे. मार्चमध्ये भाव चढा, मेमध्ये उतरलेला. एप्रिलअखेर काहीही बदला, मेमध्ये कन्व्हर्जन वाढतंच, आणि श्रेय नव्या फोटोला मिळतं. अक्षय तृतीयेच्या आधीचा आठवडा तर कोणत्याच तुलनेत धरू नये. भावाचा परिणाम कमीत कमी असतो तो चेकआउट ते पैसे या टप्प्यावर, कारण तिथवर आलेल्या माणसाने भाव मान्य केलेला असतो. फॉर्म किंवा पेमेंटमधला बदल याच टप्प्याच्या टक्क्यावर मोजा.

आकड्यांपेक्षा लवकर उत्तर देणारा उपाय म्हणजे साइट कधीही न पाहिलेली पाच माणसं. एकेकाला त्याच्याच फोनवर सांगा, ‘ठाण्याच्या मावशीला शुक्रवारपर्यंत दोन डझन पोचव.’ मग गप्प बसा. बोट कुठे थांबतं ते लिहा. ‘इथे दाबा’ असं म्हणायचा मोह होईल, तिथेच पान चुकलंय.

सीझन संपल्यावर पान काढू नका. पत्ता तोच ठेवा, नाहीतर गूगलमध्ये मिळवलेली जागा जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘ऑर्डर द्या’च्या जागी लिहा, ‘पुढच्या वर्षीची पहिली तोडणी ठरली की कळवू’, खाली नंबरासाठी एकच चौकोन आणि संदेश पाठवायच्या संमतीची रिकामी खूण. जून ते फेब्रुवारीत जमलेले हे नंबर आणि यंदाचे जुने गिऱ्हाईक, यांना पहिला संदेश जाहिरात लावायच्या आठवडाभर आधी पाठवा.